तंजावर शहर आणि कावेरीचा मुलूख : आर्थिक संबंधांचा आढावा (१७७३ ते १८६२)

तंजावरच्या मराठा राज्याचा विचार मराठीत प्रामुख्याने सांस्कृतिक अंगाने झालेला आहे. सरस्वती महाल ग्रंथालय, भोसले राजांची नाटके, दरबारातील संगीत, बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर १८०३ मध्ये कोरलेला भोसले घराण्याचा प्रदीर्घ मराठी शिलालेख या गोष्टी अभ्यासकांना परिचित आहेत. परंतु हे सर्व ज्या उत्पन्नावर उभे होते, त्याची चर्चा तुलनेने कमी झाली. शहर आणि भोवतालचा शेतीप्रधान मुलूख यांच्यातील आर्थिक नाते कसे होते आणि ते कसे तुटत गेले, हे पाहिल्याखेरीज तंजावरच्या वैभवाचा आणि ऱ्हासाचा उलगडा होत नाही.

तंजावर हे मूलतः व्यापारी शहर नव्हे. समुद्रावरील व्यापार नागपट्टणम, तरंगंबाडी आणि कारैकाल या बंदरांतून चाले आणि ती अनुक्रमे डच, डेन्मार्ककर व फ्रेंच यांच्या ताब्यात होती. तंजावरची संपत्ती म्हणजे कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातील भात. कल्लणै या प्राचीन बंधाऱ्यापासून फुटणाऱ्या नद्या व कालवे यांवर कुरुवै, सांबा आणि ताळडी ही पिके येत. सरकारसारा ‘वारम’ पद्धतीने, म्हणजे पिकाच्या वाटणीने घेतला जाई. सरकारच्या वाट्याला ‘मेलवारम’ व कुळाच्या वाट्याला ‘कुडिवारम’ म्हणत. जमिनीवरचा वंशपरंपरागत हक्क मिरासदारांकडे असे. प्रत्यक्ष चिखलात राबणारा वर्ग मात्र बहुतांशी पळ्ळर आणि परैयर या जातींतील ‘पण्णैयाळ’ मजुरांचा होता. पिढ्यान्‌पिढ्या मालकाशी बांधल्या गेलेल्या या मजुरांचा वाटणीवर स्वतंत्र हक्क नव्हता. राजधानीतील प्रत्येक खर्चाचा उगम अशा रीतीने खळ्यावरील राशीत होता.

म्हणूनच या राज्यावर आलेली राजकीय संकटे प्रथम पिकावर कोसळली. १७७३ मध्ये अर्काटचा नबाब महंमद अली याने इंग्रजांच्या साहाय्याने तंजावर घेतले आणि तुळजाजी राजांना कैद केले. नबाब स्वतः मद्रासमधील युरोपीय सावकारांच्या कर्जात बुडालेला होता. १७७६ मध्ये गव्हर्नर पिगट याने तुळजाजींना राज्य परत दिले, तेव्हा पॉल बेनफील्ड या सावकाराने तंजावरच्या महसुलावर व शेतात उभ्या असलेल्या पिकावरही आपला दावा सांगितला. नबाबास दिलेल्या कर्जापोटी ही तारणे मिळाली आहेत, असे त्याचे म्हणणे होते. या वादातून मद्रास कौन्सिलमधील बहुमतवाल्यांनी खुद्द पिगट यालाच अटक केली आणि १७७७ मध्ये अटकेत असतानाच तो मरण पावला. कावेरीकाठचे भात मद्रासच्या सावकारी व्यवहारात तारण ठरू लागले होते, ही यातील लक्षणीय बाब होय.

१७८१ मधील हैदर अलीच्या स्वारीने उरलीसुरली घडीही विस्कटली. गावे ओस पडली, गुरे नेली गेली आणि किल्ल्यात उपासमार सुरू झाली. या काळाची हकीकत मिशनरी श्वार्ट्‌झ याने नोंदविली आहे. घेतलेल्या धान्याचे आणि बैलांचे पैसे मिळत नसल्याने कुळे धान्य आणण्यास तयार नव्हती. श्वार्ट्‌झने स्वतः मोबदला देण्याची हमी दिली, तेव्हा ८०,००० कलमांहून अधिक भात किल्ल्यात आले. पुढे दरबारी कारभाऱ्यांच्या जुलमाने कुळे मुलूख सोडून गेली असता त्याच्याच शब्दावर एका दिवसात ७,००० माणसे परतल्याचे तो सांगतो. खेड्यांनी शहराशी असलेला व्यवहार थांबविला तो धान्याच्या अभावापेक्षा विश्वासाच्या अभावामुळे, असा निष्कर्ष या दोन घटनांवरून निघतो.

२५ ऑक्टोबर १७९९ च्या तहाने या नात्याचे स्वरूप मुळापासून बदलले. सरफोजी राजांनी मुलखाचा कारभार ईस्ट इंडिया कंपनीच्या हवाली केला. त्यांच्याकडे तंजावरचा किल्ला व लगतचा अल्पसा भाग राहिला. मोबदल्यात सालीना १ लाख स्टार पॅगोडा आणि निव्वळ महसुलाचा एकपंचमांश हिस्सा ठरला. राजाचा मुलखावरील अधिकार संपला, तरी पिकाशी असलेला संबंध या एकपंचमांशातून शिल्लक राहिला. हंगाम व बाजारभाव चांगला असता दरबाराचे उत्पन्न वाढे. पुराने वा अवर्षणाने महसूल घटता राजवाड्याच्या हातातील रक्कमही कमी होई. मात्र कालवे दुरुस्त करणे, सारा माफ करणे वा तगाई देणे हे निर्णय आता कलेक्टरच्या कचेरीत होत. उत्पन्न मुलखातून, परंतु मुलखाविषयी जबाबदारी नाही, अशी ही स्थिती होती.

या उत्पन्नाचा विनियोग १७९८ ते १८३२ या सरफोजींच्या कारकिर्दीत प्रामुख्याने शहरातच झाला. ग्रंथालयाचे लेखक व पंडित, धन्वंतरी महालातील वैद्य, छापखान्यातील कामगार, चित्रकार, वीणा घडविणारे सुतार, तांब्यापितळेचे कारागीर, रेशीम विणणारे पटनूलकर, गायक आणि नर्तकी अशा असंख्य कुटुंबांचा निर्वाह दरबारी मागणीवर चाले. राजवाड्यातील मोडी कागदपत्रांत या खर्चाच्या नोंदी चक्रम आणि फणम या नाण्यांत आढळतात. शहराबाहेर जाणारा मोठा प्रवाह छत्रांचा होता. रामेश्वरच्या वाटेवरील छत्रांना जमिनी लावून दिलेल्या होत्या. ओरत्तनाडू येथील मुक्तांबाळ छत्रात यात्रेकरूंना अन्न, आजाऱ्यांना औषध आणि मुलांना शिक्षण मिळे. जमिनीचे उत्पन्न दरबारात न येता त्याच परिसरात परतण्याचा हा एक मार्ग होता. तथापि दानधर्माच्या या व्यवस्थेने पण्णैयाळांच्या स्थितीत मूलभूत फरक पडला नाही, हेही नमूद केले पाहिजे.

दरम्यान मुलखाची स्वतंत्र वाटचाल सुरू झाली होती. १८३६ मध्ये आर्थर कॉटन याने कोळ्ळिडम नदीवर बंधारे बांधले. कावेरीचे पाणी कोळ्ळिडमकडे वाहून जाण्याचा धोका त्यामुळे आटोक्यात आला व सिंचन स्थिरावले. सिलोनच्या मळ्यांमुळे तांदळाला मागणी वाढली आणि मजुरांनाही समुद्रापारची वाट दिसली. या वाढीचा मोठा लाभ मिरासदारांना झाला. राजधानीच्या मध्यस्थीविना धान्य बंदराकडे जाऊ लागले.

२९ ऑक्टोबर १८५५ रोजी दुसरे शिवाजी राजे पुत्रसंतानाविना निवर्तले आणि कंपनीने संस्थान खालसा केले. १८५६ मध्ये खाजगी मालमत्ताही जप्त झाली. राणी कामाक्षीबाईंचा दावा मद्रासच्या सुप्रीम कोर्टात मान्य झाला. परंतु १८५९ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने ही जप्ती राज्यसत्तेची कृती असल्याने न्यायालयाच्या कक्षेबाहेर आहे, असा निर्णय दिला. १८६२ मध्ये खाजगी मालमत्ता राजघराण्याला परत मिळाली, परंतु एकपंचमांश हिस्सा कायमचा बंद झाला. त्याबरोबर कारागीर आणि कलावंतांची हक्काची मागणीही नाहीशी झाली. अनेक गायक-वादकांनी मद्रासची वाट धरली. १८६१ मध्ये नागपट्टणमपासून तंजावरपर्यंत रेल्वे आली, पण तिने जोडले ते प्रामुख्याने भाताचे शिवार आणि बंदर.

१९०१ च्या जनगणनेत तंजावरची लोकसंख्या ५७,८७० होती, तर कुंभकोणमची ५९,६२३. व्यापार, विणकाम आणि मंदिरे यांवर वाढलेले शेजारचे गाव जुन्या राजधानीच्या पुढे गेले होते. मुलूख दरिद्री झाल्यामुळे तंजावर मागे पडले, असे म्हणता येत नाही. मुलूख पिकत राहिला. शहराचा त्या पिकातील वाटा संपला. १७९९ च्या तहाने अधिकार गेला आणि १८५५ मध्ये वाटा गेला, अशा दोन टप्प्यांत हा ऱ्हास घडला. तंजावरच्या मोडी दप्तरातील खर्चाच्या नोंदी या दृष्टीने वाचल्या गेल्यास दरबारी संस्कृतीमागील अर्थकारण, आणि त्याखाली राबणारा कष्टकरी समाज, दोन्ही अधिक स्पष्ट होतील.