जहाजांतर्गत बिनतारी संदेशवहन

पोलादी भिंती, डेक व जलरोधक दारे यांनी वेढलेल्या जहाजाच्या आत, मुख्यतः हातातील वॉकी-टॉकीवरून, चालणारा रेडिओ-संवाद.

विद्युत् वाहक आवरणाच्या आत बाहेरच्या विद्युत् भाराचा परिणाम पोचत नाही, हे मायकेल फॅरडे यांनी 1836 मध्ये धातूच्या वर्खाने मढवलेल्या खोलीत स्वतः शिरून दाखवले. रेडिओतरंग धातूत फारच थोडे शिरतात. जहाजांतर्गत संचांच्या 457 मेगॅहर्ट्‌झ कंप्रतेला तांब्यात सुमारे 3 मायक्रोमीटर खोलीवर क्षेत्राची तीव्रता 37 टक्क्यांवर येते. त्यामुळे काही मिलिमीटर जाडीच्या पोलादी पत्र्यापुढे संचाची शक्ती वाढवणे व्यर्थ आहे. तरंग पलीकडे पोचतात ते उघड्या दारांतून, जिन्यांच्या पोकळीतून, दाराच्या रबरी पट्टीच्या सांध्यातून आणि भिंत ओलांडणाऱ्या केबलींच्या आधाराने. यांपैकी कोणती वाट महत्त्वाची, हे जहाजाच्या रचनेनुसार बदलते.

एकाच दालनात अडचण वेगळी असते. परावर्तित तरंग एकमेकांत मिसळून काही जागी आवाज तुटतो. 457 मेगॅहर्ट्‌झला अशा जागा साधारण 33 सेंमी. अंतराने येऊ शकतात, म्हणून पाऊलभर सरकल्याने संपर्क पुन्हा जुळतो.

कंप्रता : आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीत जहाजांतर्गत वापरासाठी 457.525, 457.550, 457.575 आणि 467.525, 467.550, 467.575 मेगॅहर्ट्‌झ या कंप्रता आहेत. दोन गटांतील 10 मेगॅहर्ट्‌झच्या अंतरामुळे एकीवर ऐकून दुसरीवर पुन्हा प्रक्षेपित करणारा रिपीटर बसवता येतो. सागरी चॅनेल 16 ची (156.8 मेगॅहर्ट्‌झ) तरंगलांबी जवळजवळ 1.9 मी. असल्याने लहान मोकळ्या जागांतून ते तरंग कमी जातात.

अग्निशमन : सागरी सुरक्षेच्या ‘सोलास’ या आंतरराष्ट्रीय करारानुसार 1 जुलै 2014 पासून बांधलेल्या जहाजांवर प्रत्येक अग्निशमन पथकाला किमान दोन हातातील संच आवश्यक आहेत. ते स्फोटरोधक किंवा ठिणगीपासून सुरक्षित बनावटीचे असावे लागतात. जुन्या जहाजांना 1 जुलै 2018 नंतरच्या पहिल्या तपासणीपर्यंत मुदत होती.

उपाय : बाह्य आवरणात खाचा पाडलेली समाक्ष केबल मार्गिकांतून नेली, की तिच्या सर्व लांबीभर तरंग पाझरतात. खाणी व बोगद्यांतही हीच पद्धत रूढ आहे. वीज गेल्यास बोलणाऱ्याच्या आवाजाच्या शक्तीवर चालणारा तारेचा दूरध्वनी उपयोगी पडतो.

पाणबुड्या : अंतर्गत संवाद मुख्यतः तारांवरून चालतो.

चाचणी : जहाजाची दारे उघडी ठेवून घेतलेली संचांची चाचणी दिशाभूल करते. आग लागल्यावर दारे बंदच केली जातात, म्हणून संचही दारे बंद ठेवूनच तपासावेत.