महिन्याचा अंक आणि हरवलेले दोन तास

परवा कपाट आवरताना खालच्या कप्प्यात चौदा अंकांची चळत सापडली. 'सॉसर कंट्री'. बायको म्हणाली, "ते एलियनवालं ना? शेवटी काय झालं त्यात?" सरळ उत्तर देता येईना, म्हणून लिहायला बसलो.

मार्च २०१२ ची गोष्ट. मी बॉस्टनजवळ राहत होतो, एच-वन व्हिसावर. दर महिन्याला दोन गोष्टींची वाट बघायचो. एक म्हणजे अमेरिकन परराष्ट्र खात्याचं व्हिसा बुलेटिन. ग्रीन कार्डाच्या रांगेत कुठल्या तारखेपर्यंतच्या लोकांचा नंबर लागला, ते त्यात छापतात. आणि दुसरी, या कॉमिकचा नवा अंक. वीसेक पानं, किंमत तीन डॉलरला एक सेंट कमी. दुकानदार माझ्या नावाने बाजूला काढून ठेवायचा.

प्रकाशन 'व्हर्टिगो'चं. लेखक पॉल कॉर्नेल, म्हणजे 'डॉक्टर हू'चे काही भाग लिहिणारा इंग्रज. चित्रं रायन केलीची. नायिका अर्केडिया अल्वाराडो ही न्यू मेक्सिकोची गव्हर्नर, मेक्सिकन वंशाची. राष्ट्राध्यक्षपदासाठी उभी राहणार, तेवढ्यात एका रात्री तिला आणि तिच्या आधीच्या नवऱ्याला गाडीतून कोणीतरी पळवून नेतं. निदान तिला तसं आठवतं. (खऱ्या न्यू मेक्सिकोतही तेव्हा मेक्सिकन वंशाचीच बाई गव्हर्नर होती, सुसाना मार्टिनेझ. पळवापळवीचं मात्र ऐकिवात नाही!) 'एलियन' या शब्दावरच सगळा खेळ. आकाशातला तो एलियन आणि सरकारी कागदावरचा परदेशी माणूसही एलियनच. त्या हिशोबाने मीही.

पण गती? अहो, काय सांगू... एक अंक निवडणुकीच्या सल्लागारांच्या बैठकीत, एक संमोहनात, एक जुन्या कहाण्या उगाळण्यात. तबकडी दिसेल म्हणून पानं उलटावीत, तर माणसं बोलतच बसलेली. चारपाच अंकांनंतर माझा मित्र कंटाळला. मी चिकाटीने घेत राहिलो.

मग मूळ इतिहास वाचला आणि लक्षात आलं, की ही गोष्ट मुळातच हप्त्याहप्त्याने आलेली आहे. १९ सप्टेंबर १९६१ च्या रात्री बेटी आणि बार्नी हिल हे जोडपं कॅनडातून न्यू हॅम्पशरला घरी परतत होतं. ती गोरी, समाजसेविका. तो कृष्णवर्णीय, पोस्टात नोकरीला. वाटेत आकाशात उजेड दिसला. पहाटे घरी पोचले. पुढे चौकशी करणाऱ्यांनी हिशोब मांडला, तेव्हा प्रवासातल्या जवळजवळ दोन तासांचा पत्ता लागेना. काही दिवसांनी बेटीला स्वप्नं पडू लागली. १९६४ मध्ये बॉस्टनच्या डॉ. बेंजामिन सायमन यांनी दोघांना संमोहित केलं, आणि पळवून नेल्याची हकीकत बाहेर आली. १९६५ मध्ये वर्तमानपत्रात बातमी, १९६६ मध्ये जॉन फुलरचं पुस्तक, १९७५ मध्ये टीव्हीवर सिनेमा. एका रात्रीची गोष्ट पुरी व्हायला चौदा वर्षं! सायमन यांचं मत होतं, की बेटीची स्वप्नंच बार्नीच्या आठवणीत उतरली असावीत. दोघं खोटं बोलत होती असं मात्र ते म्हणाले नाहीत. मधली जागा रिकामी होती आणि मनाने ती भरली, एवढंच.

अंकांच्या मधल्या महिन्यात वाचकही तेच करतो. आणि बुलेटिनच्या मधल्या महिन्यात मी करत होतो. माझी तारीख होती जून २०१०. मार्च २०१२ च्या बुलेटिनमध्ये माझ्या वर्गाची रांग १ मे २०१० पर्यंत आली. पाचसहा आठवड्यांचाच प्रश्न! एप्रिलला तिथेच. मे महिन्यात एकदम मागे, ऑगस्ट २००७. जूनपासून तर रांगच बंद. ऑक्टोबरला पुन्हा सुरू झाली ती सप्टेंबर २००४ वरून. कारण कळायचं ते थोडकंच. बाकीचं आम्ही आपापसात रचायचो. कोणी भारतात गेला आणि अडकला, कोणाचा शिक्का नाकारला...

त्याच नोव्हेंबरात आजी गेली. साताऱ्याहून फोन आला तेव्हा मी म्हणालो, रजा मिळत नाही.

आत्या, तू हे वाचशील म्हणून लिहितोय. रजा मिळाली होती. साहेब स्वतःहून जा म्हणाला होता. पासपोर्टवर नवा शिक्का घ्यावा लागला असता, आणि एका ओळखीच्याला त्यासाठी दोन महिने थांबावं लागल्याचं मी ऐकलं होतं. माझंही तसंच होईल, ही गोष्ट मी मनात पूर्ण रचली, तिच्यावर विश्वास ठेवला आणि गेलो नाही. मला कोणी अडवलं नव्हतं.

२०१३ च्या वसंतात चौदाव्या अंकावर 'सॉसर कंट्री' थांबलं. २०१७ मध्ये 'सॉसर स्टेट' नावाने दुसऱ्या प्रकाशनाकडून कथा पुढे सुरू झाली, त्यात अर्केडिया राष्ट्राध्यक्ष झालेली आहे. तोवर माझं त्या दुकानात जाणं सुटलं होतं. माझ्या तारखेचा नंबर लागला २०२१ मध्ये.

मध्यंतरी लिंकन गावाजवळ हायवेला गाडी थांबवली. हिल दांपत्याच्या त्या रात्रीची सरकारी पाटी आहे तिथे, २०११ मध्ये लावलेली. दोन मिनिटांत वाचून होते. गाड्या शेजारून जात होत्या. मी बराच वेळ उभा होतो. किती ते विचारलंत तर सांगता येणार नाही.

असो. अंक टाकले नाहीत, परत कप्प्यात ठेवलेत. डिसेंबरात साताऱ्याला येतोय. तिकीट काढलंय.