पाटी आणि अंकगणिताचे अध्यापन
धूळ पसरलेल्या फळीवर अंक लिहून आकडेमोड करण्याची भारतीय पद्धती प्राचीन असून ‘पाटीगणित’ ही संज्ञा तीवरून रूढ झाली, असे सामान्यतः मानतात. भास्कराचार्यांचा ‘लीलावती’ (११५०) हा पाटीगणिताचा प्रसिद्ध ग्रंथ. त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनार्थ नातू चांगदेव याने मठ स्थापिल्याचा उल्लेख भुसावळ–मुंबई लोहमार्गावरील चाळीसगावनजीक पाटण येथील शिलालेखात (१२०७) आहे. ब्रिटिश अमदानीत शाळांतून दगडी पाटी रूढ झाली. मुलांनी उत्तरे लिहून पाट्या एकदम उंचावल्या, की साऱ्या वर्गाचे आकलन शिक्षकास एका दृष्टिक्षेपात कळे. आधुनिक प्रतिसाद-यंत्रांत मुलांनी कळ दाबताच उत्तरांची मोजदाद आपोआप होते; तथापि बहुधा निवडलेला पर्यायच तेवढा दिसतो. पाटीवरील आकडेमोडीतून मात्र मूल नेमके कोठे चुकले, हेही उमगते.