दाण्यावर बसलेलं बेणं

अळिंबीच्या स्पॉनची पिशवी पहिल्यांदा हातात घेणारा माणूस ती उजेडाकडे धरून बघतो आणि विचारतो, "यात बी कुठंय?" आत दिसतात ज्वारीचे किंवा गव्हाचे दाणे, वरून पांढरी बुरशी चढलेली. कणगीतलं धान्य असं झालं तर आपण ते गुरांपुढंही टाकणार नाही. इथं मात्र त्याचेच पैसे मोजायचे असतात.

माहितीपत्रकांत त्याला 'अळिंबीचे बियाणे' म्हणतात. मला हा शब्द पटत नाही, कारण याहून नेमका शब्द आपल्याकडे आधीपासून आहे. बियाणं ज्वारीचं असतं. उसाचं, हळदीचं, आल्याचं असतं ते बेणं. बेणं म्हणजे आधीच्या झाडाचाच जिवंत तुकडा. स्पॉन तेच आहे. दाणा हे त्याचं वाहन आणि वाटेतली शिदोरी. त्यावर पसरलेले पांढरे तंतू म्हणजे निवडून घेतलेल्या अळिंबीचं वाढत राहिलेलं अंग. या बेण्याने आजवर किती वाहनं बदलली, तीच त्याची कुळकथा.

पहिलं वाहन घोड्याची लीद. सतराव्या शतकात पॅरिसभोवतीचे माळी खरबुजाच्या वाफ्यांसाठी लीद वापरत आणि त्या वाफ्यांत अळिंबी उगवे. १७०७ साली तूर्नफोर या वनस्पतिशास्त्रज्ञाने या लागवडीचं वर्णन केलं; लिदीत दिसणाऱ्या पांढऱ्या धाग्यांचीही त्याने दखल घेतली. फ्रेंच माळी या धाग्यांना 'ब्लाँ', म्हणजे नुसतं 'पांढरं', म्हणत. इंग्रजांनी त्यांना स्पॉन म्हटलं, आणि हा शब्द मुळात मासे-बेडकांच्या अंड्यांचा. पुढे पॅरिसखालच्या दगडखाणींतल्या अंधारात हा धंदा फोफावला. जुन्या वाफ्यातली धागे धरलेली लीद उचलायची आणि नव्या वाफ्यात खोचायची, एवढंच बेणं.

इंग्लंडमध्ये घोड्यांच्या चक्क्या फिरत, तिथल्या वाटेवर तुडवली गेलेली लीद बेण्यासाठी नावाजलेली होती. नंतर तिथे लीद आणि माती कालवून विटा पाडू लागले. त्यांत तंतू वाढवायचे, विटा वाळवायच्या आणि बोटीने दूरदेशी धाडायच्या. लागवड करणारा वीट फोडून तिचे अक्रोडाएवढे तुकडे वाफ्यात पुरायचा. पण विटेत नेमकी कोणती अळिंबी आहे, हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसे. शिवाय तिच्यासोबत परक्या बुरश्या, किडी आणि सूत्रकृमी फुकट येत.

१८९४ च्या सुमारास फ्रान्समध्ये कोस्तांतँ आणि मात्रुशो यांनी बीजाणू रुजवून शुद्ध बेणं तयार केलं, पण ती रीत त्यांनी बाहेर फारशी कळू दिली नाही. अमेरिकेत मार्गारेट फर्ग्युसन यांनी १९०२ मध्ये बीजाणू रुजवण्याचा अभ्यास उघडपणे छापला. १९०५ मध्ये डग्गर यांनी त्याहून सोपी वाट दाखवली. चांगली अळिंबी निवडा, तिच्या आतल्या गराचा कण निर्जंतुक माध्यमावर ठेवा, तंतू फुटतील. उसाची कांडी लावण्याचाच हा प्रकार. जात निवडणं म्हणतात ते इथून खऱ्या अर्थाने सुरू झालं. १९२० च्या दशकात पेनसिल्व्हेनियात लॅम्बर्ट यांच्या शेतात तपकिरी अळिंबींमध्ये पांढऱ्याशुभ्र टोपीची अळिंबी निघाली आणि ती जपली गेली. आज ताटात येणारं पांढरं बटन बहुतांशी तिच्याच कुळातलं आहे.

तरीही तंतू बाटलीतल्या लिदीतच वाढत होते. पेनसिल्व्हेनिया स्टेट कॉलेजातल्या जेम्स सिंडेन यांनी लिदीऐवजी धान्य घेतलं आणि १९३२ मध्ये त्याचं पेटंट मिळवलं. हे पाऊल मला सगळ्यांत मोठं वाटतं. विटेच्या तुकड्याभोवतीच तंतू पसरत. दाणे मात्र सुटे असतात, मुठीतून पेरता येतात, सगळ्या खतात कालवता येतात. हजारो ठिकाणी एकदम सुरुवात होते आणि परक्या बुरशीला जागा सापडायच्या आत तंतू माल व्यापतात. गव्हाच्या एका किलोत साधारण पंचवीस हजार दाणे असतात, ज्वारीच्या किलोत त्याहून जास्त. बारीक दाणा का बरा, ते यातून कळतं.

भारतात १९४३ मध्ये कोइमतूरला भाताच्या पेंढ्यावरची अळिंबी पिकवली गेली. १९६१ पासून सोलनला बटनाचं काम सुरू झालं, १९६२ मध्ये म्हैसूरच्या अन्न तंत्रज्ञान संस्थेतून धिंगरीच्या लागवडीची माहिती आली. पुण्याच्या कृषी महाविद्यालयातही अखिल भारतीय समन्वित अळिंबी प्रकल्पाचं केंद्र आहे. आपल्याकडे येताना बेण्याने युरोप-अमेरिकेतलं राय हे धान्य सोडलं आणि गहू-ज्वारी धरली. दवाखान्यातून आलेल्या ग्लुकोजच्या रिकाम्या बाटल्या त्याचं घर झाल्या. ज्वारी बोटाने दाबली जाईल पण फुटणार नाही इतकीच शिजवायची, निथळून कोरडी करायची, दाणे चिकटू नयेत म्हणून जिप्सम आणि आम्लता आटोक्यात राहावी म्हणून खडूची पूड मिसळायची. मग दाबाच्या वाफेत दीड-दोन तास. नुसत्या उकळण्याने धान्यातल्या जिवाणूंचे बीजाणू मरत नाहीत, म्हणून घरच्या पातेल्यात हे काम होत नाही.

जात निवडताना बाजारभावाआधी आपल्या खोलीचं तापमान पाहा. बटनाला फळं धरताना १४ ते १८ अंश लागतात. वातानुकूलित खोली नसेल तर त्याचा नाद सोडा. धिंगरीची साजोर-काजू जात वीस ते तीस अंशांत निभावते, म्हणून घरी सुरुवात करणाऱ्याने तिलाच हात घालावा. उन्हाळ्याच्या तिशीत दुधी अळिंबी आणि पेंढ्यावरची अळिंबी येतात. त्यातल्या पेंढ्यावरच्या अळिंबीचं स्पॉन फ्रिजमध्ये ठेवू नका, ते थंडीने मरतं.

पिशवी घेताना जातीचं नाव आणि तयार केल्याची तारीख विचारा. दाणे सुटे आणि सगळे पांढरे हवेत. हिरवा-काळा ठिपका, तळाशी चिकट पाणी किंवा आंबूस वास असेल तर परत करा. आणि मागच्या बेडमधले तंतू काढून नव्या बेडमध्ये घालू नका. विटांसोबत येणारी तीच घाण तुमच्या खोलीत येईल, वर वाण पिढीगणिक उतरत जाईल. उसाचं बेणं तुम्ही दर तीन वर्षांनी बदलता ना? हे बेणं दर पिकाला ताजं आणा.