शुश्रूषा करणाऱ्यांची शुश्रूषा



धर्मबुद्धीनें चालविलेल्या रुग्णालयाचें नांव निघालें कीं आपल्या डोळ्यांपुढें रोग्याची खाट येते. रोग्याचें काय झालें, हें आपण आस्थेनें विचारतों. त्याच्या उशाशीं रात्रभर उभ्या असलेल्या माणसाचें काय झालें, हें विचारण्याचें मात्र सहसा कोणास सुचत नाहीं. तो तर ईश्वराचें कार्य करीत आहे, त्याला श्रम ते कसले, अशी आपली समजूत असते. या समजुतीचा इतिहासाच्या आधारें थोडा विचार करावा, एवढाच आजच्या भाषणाचा हेतु आहे.

हा प्रश्न फार जुना आहे. बौद्ध भिक्षूंच्या आचारनियमांचा जो विनयपिटक नांवाचा ग्रंथ, त्याच्या महावग्गांत एक कथा आहे. पोटाच्या विकारानें आजारी पडलेला एक भिक्षु आपल्याच मलमूत्रांत पडून राहिला होता. त्याची विचारपूस करणारें कोणी नव्हतें. भगवान बुद्धांनीं आनंदाच्या साहाय्यानें त्याला स्वतः न्हाऊं घातलें, आणि भिक्षूंनीं परस्परांची शुश्रूषा केली पाहिजे, असें सांगितलें. एवढी कथा पुष्कळांस ठाऊक असते. तिच्या पुढील भाग तितका परिचित नाहीं. कोणत्या रोग्याची शुश्रूषा करणें कठीण जातें, याचीं पांच लक्षणें तेथें दिलीं आहेत. पथ्य न पाळणारा, औषध न घेणारा, आपल्या दुखण्याचें खरें स्वरूप न सांगणारा, असे रोगी त्यांत येतात. शिवाय, आजारी भिक्षु मरण पावल्यास त्याचें पात्र व चीवर शुश्रूषा करणाऱ्यांस द्यावें, असाहि नियम आहे. ज्या संघांत माणसाजवळ याहून फारसें कांहीं नसेच, तेथें ही देणगी लहान नव्हे. शुश्रूषेंत कष्ट आहेत, ही गोष्ट धर्मानें येथें मोकळेपणानें मान्य केली आहे.

युरोपांत या जाणिवेला संस्थेचें रूप देणाऱ्यांत जर्मनींतील कैसर्सवेर्थ गांवचे धर्मोपदेशक थिओडोर फ्लीडनर यांचें नांव प्रमुख आहे. १८३६ सालीं त्यांनीं व त्यांच्या पत्नी फ्रीडरिका यांनीं तेथें रुग्णालय काढून सेविकांस शिक्षण देण्यास आरंभ केला. पैसे घेऊन शुश्रूषा करणाऱ्या स्त्रियांस त्या काळीं समाजांत प्रतिष्ठा नव्हती. फ्लीडनर यांनीं सेविकेला 'मातृगृह' दिलें. तिला पगार नसे. परंतु अन्न, वस्त्र, हातखर्च, तसाच आजारपणांत व म्हातारपणीं सांभाळ, या सर्वांची हमी मातृगृह घेई. फ्लॉरेन्स नाइटिंगेल १८५१ सालीं येथेंच सुमारें तीन महिने शिकल्या. या व्यवस्थेला दुसरी बाजूहि होती. कोणी कोठें काम करावें हें मातृगृह ठरवी, आणि तें सोडून जाणाऱ्या स्त्रीच्या हातीं साठविलेलें वेतन नसे. आधार खरा होता. पण त्याची किंमत स्वातंत्र्य देऊन चुकवावी लागे.

आतां आपल्या प्रांताकडे वळूं. कैसर्सवेर्थच्या उद्योगापूर्वीं दहा वर्षें, १८२६ सालच्या मार्च महिन्यांत, गॉर्डन हॉल हे अमेरिकन मिशनरी नाशकास गेले. पुढें अमेरिकन मराठी मिशन या नांवानें जें प्रसिद्ध झालें, त्याच्या पहिल्या पिढींतील हे गृहस्थ. १८१३ पासून ते मुंबईस होते, आणि इकडे येण्यापूर्वीं त्यांनीं वैद्यकाचेंहि कांहीं शिक्षण घेतलें होतें. नाशकास पटकीची सांथ चालू होती. जवळचीं बहुतेक औषधें रोग्यांस वांटून ते परत निघाले. वाटेंत त्यांनाच पटकीनें गांठलें आणि २० मार्च रोजीं त्यांचा अंत झाला. औषधें उरलीं असतीं तर ते खात्रीनें वांचले असते, असें नव्हे; त्या काळीं पटकीवर खात्रीचा उपाय कोणाजवळच नव्हता. परंतु अशा मृत्यूला हौतात्म्य म्हटलें कीं आपली जिज्ञासा तेथेंच थांबते. त्या माणसाच्या पाठीशीं कोण होतें, हा प्रश्न विचारावयाचा राहून जातो.

पुढें अनुभवानें मिशनांना शहाणपण आलें. मदुरेच्या अमेरिकन मिशनचीं माणसें रोगांना व उष्ण हवेला बळी पडूं लागलीं, तेव्हां त्या मिशननें १८४५ सालीं पळणीच्या डोंगरांत कोडाइकनाल येथें राहण्याचीं घरें बांधलीं. आज लोक जेथें सहलीसाठीं जातात, तें ठिकाण असें थकलेल्या सेवकांच्या विसाव्यासाठीं वसूं लागलें. कांहीं वर्षांच्या सेवेनंतर स्वदेशीं जाण्यासाठीं लांब रजा देण्याची पद्धतिहि मिशनांत रूढ झाली. पण हा विसावा मुख्यतः परदेशी मिशनऱ्यांच्या वांट्यास आला. त्यांच्याच दवाखान्यांत राबणाऱ्या देशी कंपाउंडरांना व परिचारिकांना उन्हाळा तितकाच कडक होता. विश्रांति गरजेप्रमाणें न देतां पायरीप्रमाणें दिली गेली, हा दोष झांकून ठेवण्यांत अर्थ नाहीं.

मिरजेचें उदाहरण याहून बोधप्रद आहे. डॉ. विल्यम वॉन्लेस १८८९ सालीं हिंदुस्थानांत आले; १८९४ सालीं त्यांचें रुग्णालय मिरजेस उघडलें. शस्त्रक्रियेंतील त्यांच्या कौशल्याची कीर्ति जसजशी पसरली तसतशी रोग्यांची रीघ वाढत गेली. हें ओझें एकट्यानें ओढण्याचा हट्ट त्यांनीं धरिला नाहीं. १८९७ सालीं त्यांनीं वैद्यकाची शाळा काढून येथील तरुणांस शिकविण्यास प्रारंभ केला. १९०६ सालीं त्यांच्या सहकारिणी व पत्नी मेरी पटकीनेंच मरण पावल्या. त्या घरावर हा केवढा आघात झाला असेल! तरी रुग्णालय चालूच राहिलें, कारण काम करणारे हात एकाहून अधिक होते. १९२८ सालीं वॉन्लेस निवृत्त झाले, त्याच वर्षीं त्यांना 'सर' हा किताब मिळाला, आणि १९३३ सालीं त्यांचें निधन झालें. संस्थापकाला जिवंतपणीं आपलें काम दुसऱ्यांच्या हातीं सोंपवून निघतां आलें, हें त्या संस्थेचें मोठें यश मानलें पाहिजे.

जागतिक आरोग्य संघटनेनें २०१९ सालीं स्वीकारलेल्या रोगांच्या अकराव्या वर्गीकरणांत, कामामुळें येणाऱ्या दीर्घ थकव्याची नोंद आहे. त्याला तिनें रोग म्हटलेलें नाहीं. कामाच्या जागीं जो ताण नीट आवरला गेला नाहीं, त्याचा तो परिणाम होय, असें म्हटलें आहे. म्हणजे थकलेल्या वैद्याची श्रद्धा तपासण्यापूर्वीं त्याच्या कामाची मांडणी तपासावी लागेल. प्रार्थनेनें मनाला धीर येतो, हें कोण नाकारील? परंतु सलग रात्रपाळ्या करून आलेल्या परिचारिकेला प्रवचनाआधीं झोंप हवी असते. आणि तिच्या हातून रोगी दगावला असेल, तर दोष न देतां तिचें ऐकून घेणारें कोणी तरी हवें असतें.

आपल्याकडे धर्मादाय रुग्णालयास देणगी देऊन खाटेवर वडिलांचें नांव घालण्याची चाल आहे. ती चांगलीच आहे. यापुढें देणगी देतांना परिचारिकांच्या निवासांत एखादी खोली कमी आहे काय, आजारी सेवकाच्या जागीं बदली माणूस ठेवण्यास पैसा आहे काय, एवढें विचारून पाहावें. अशा खोलीवर वडिलांचें नांव घातलें, तरी त्याचें पुण्य रोग्यांपर्यंत पोंचेल.