नाव बदललं म्हणजे माणूस लपतो का?

आजचा भाग ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरा वाटतो, त्यांच्यासाठी हा लिखित मजकूर. विषय असा: मनोविश्लेषणाच्या जर्नलला लेख पाठवायचा, तर त्यातल्या पेशंटचं काय करायचं? हा प्रश्न सव्वाशे वर्षं जुना आहे आणि त्याचा एक धागा आपल्या परळ-हिंदमातापर्यंत येतो.

सुरुवात व्हिएन्नापासून करू. १९०० च्या ऑक्टोबरमध्ये अठरा वर्षांची होत आलेली एक मुलगी सिग्मंड फ्रॉइडकडे उपचारासाठी येऊ लागली. खोकला, मध्येच आवाज बसणं, असे त्रास होते. घरातली गुंतागुंत तर विचारू नका: वडिलांचं एका ओळखीच्या बाईशी प्रकरण आणि त्या बाईचा नवरा या मुलीच्या मागे. अकरा आठवड्यांनी, ३१ डिसेंबरला, मुलगी "आता पुरे" म्हणून निघून गेली. फ्रॉइडने जानेवारी १९०१ मध्ये केस लिहून काढली. छापली कधी? १९०५ मध्ये. चार वर्षं मजकूर पडून होता.

फ्रॉइडने काळजी घेतली नाही असं नाही. नावं बदलली आणि लेख फक्त डॉक्टर वाचतात अशा जर्नलला दिला. मुलीचं नाव ठेवलं 'डोरा'. हे नाव कुठून आलं, तेही त्याने एका पुस्तकात सांगितलंय. त्याच्या बहिणीकडे काम करणाऱ्या मुलीचं नाव रोझा होतं आणि मालकिणीचंही रोझाच. म्हणून बिचारीला घरात डोरा म्हणत. स्वतःचं नावसुद्धा स्वतःकडे ठेवता न आलेली मुलगी! पेशंटसाठी नाव शोधताना फ्रॉइडला नेमकी तीच आठवली.

पण एक गोष्ट त्याने केली नाही. त्याने परवानगी विचारली नाही. विचारलं तर कुणी हो म्हणणारच नाही, मग विज्ञान पुढे जाणार कसं, हा त्याचा मुद्दा. स्वतःची केस तिच्या हाती पडली तर तिला त्रास होईल, हेही त्याने प्रस्तावनेत मान्य केलं.

पुढे काय झालं? १९२२ मध्ये फेलिक्स डॉइच नावाच्या डॉक्टरला एका बाईंना तपासायला बोलावलं गेलं. त्या स्वतःबद्दल बोलू लागल्या आणि त्यांनीच सांगितलं, ती डोरा म्हणजे मीच! त्याने ते छापलं १९५७ मध्ये, बाई वारल्यानंतर. आज तिचं खरं नाव सगळ्यांना माहीत आहे, इडा बाउअर. भाऊ ऑटो बाउअर ऑस्ट्रियाचा परराष्ट्रमंत्री होऊन गेलेला. नाव बदललं होतं, पण गोष्ट तीच होती.

आता भारतात येऊ. कोलकात्यात गिरींद्रशेखर बोस यांनी १९२१ मध्ये दमनावरचं आपलं पुस्तक फ्रॉइडला पाठवलं आणि पत्रव्यवहार सुरू झाला. १९२२ मध्ये त्यांनी भारतीय मनोविश्लेषण संस्था काढली. बोस हे नुसते होयबा शिष्य नव्हते. १९२९ मध्ये त्यांनी फ्रॉइडला कळवलं की युरोपातल्या पुरुष पेशंटमध्ये जी भीती तुम्हाला दिसते, ती माझ्या पेशंटमध्ये त्याच रूपात दिसत नाही. बाई होण्याची इच्छा भारतीय पुरुषांमध्ये जास्त सहज वर येते. १९४७ मध्ये संस्थेचं स्वतःचं 'समीक्षा' हे जर्नल सुरू झालं आणि इथले लेख छापायला इथली जागा मिळाली.

बोस यांचं उदाहरण मी मुद्दाम घेतलं. समजा त्यांनी ओळख लपवायला पेशंट पुरुषाऐवजी बाई दाखवला असता, किंवा कोलकात्याऐवजी लंडनचा. ओळख लपली असती, पण त्यांचा सगळा मुद्दाच मेला असता. म्हणजे काय बदलता येतं आणि काय नाही, हे तुम्हाला काय सिद्ध करायचंय त्यावर ठरतं.

आपल्या मुंबईत त्या काळात भांडण अजून मागच्या पायरीवर होतं: असलं काही छापायचं तरी का? र. धों. कर्वे यांच्या 'समाजस्वास्थ्य' मासिकाला वाचक लैंगिक विषयांवरचे अगदी खासगी प्रश्न पाठवत आणि कर्वे उत्तरं छापत. त्या उत्तरांवरून अश्लीलतेचा खटला झाला. १९३४ मध्ये कर्व्यांच्या बाजूने उभे राहिले बॅरिस्टर बाबासाहेब आंबेडकर. परळच्या दामोदर हॉलमधलं त्यांचं ऑफिस हिंदमाताहून चालत जाण्याइतकं जवळ होतं. खटला हरला, कर्व्यांना दंड झाला. पण लोकांच्या मनातल्या गोष्टी शास्त्रीय भाषेत छापता आल्या पाहिजेत, हे कुणीतरी कोर्टात ठणकावून सांगितलं. 'कशा छापायच्या' हा प्रश्न त्यानंतरचा.

त्याचं एक वेगळं उत्तर परळमध्येच मिळालं. केईएम हॉस्पिटल, १९२६ पासूनचं. तिथल्या मानसोपचार विभागाचे डॉ. एन. एस. वाहिया आणि त्यांचे सहकारी पातंजल योगाच्या कल्पनांवरून चिंता आणि मनोशारीरिक आजारांसाठी उपचार बसवत होते. १९६६ मध्ये त्यांचा लेख 'ब्रिटिश जर्नल ऑफ सायकायट्री'त आला, १९७३ मध्ये 'अमेरिकन जर्नल ऑफ सायकोथेरपी'त. १९७३ च्या लेखातला एक लेखक होता दिलीप जेस्ते, मराठी मुलगा, पुण्याला एमबीबीएस झालेला. शाळा-कॉलेजच्या वयात फ्रॉइडची पुस्तकं वाचून तो मानसोपचाराकडे वळला आणि वाहियांकडे शिकायला मुंबईत आला. हेच डॉ. जेस्ते २०१२ मध्ये अमेरिकन सायकायट्रिक असोसिएशनचे अध्यक्ष झाले.

केईएमच्या या कामात डोरासारखी एक व्यक्ती नाही. तिथे गट आहेत. एका गटाला खरा उपचार, दुसऱ्याला वरवर तसेच दिसणारे व्यायाम, मग तुलना. तक्त्यात आकडे येतात आणि माणूस आकड्यात विरघळतो. ओळखीचा प्रश्न बराचसा सुटतो, पण त्या माणसाची गोष्टही जाते. आणि मनोविश्लेषणाला तर एकाच माणसाचं एक स्वप्न, एक अडखळलेला शब्द महत्त्वाचा. तो तक्त्यात कसा बसवणार?

हे सगळं मी का वाचत बसलो? माझी मामेबहीण मानसोपचार करते. तिचा पहिला लेख तयार होत होता आणि फाइल साफ करायचं काम माझ्या गळ्यात पडलं. लेख तपासणाऱ्याला लेखक कळू नये असा नियम असतो. मग पहिल्या पानावरचं नाव काढा, आभार वेगळ्या फाइलमध्ये टाका, 'माझ्या आधीच्या लेखात' असली वाक्यं बदला, वर्डच्या प्रॉपर्टीजमध्ये दडलेलं नाव पुसा. अर्ध्या तासाचं काम. मी म्हटलं, "झालं ताई, तू कोण हे आता ब्रह्मदेवालाही कळणार नाही." ती म्हणाली, "माझं सोड रे. तो कोण हे कळेल का, ते सांग."

इथे माझं डेटावालं डोकं कामाला आलं. १९९७ मध्ये अमेरिकेत लटान्या स्वीनी या विद्यार्थिनीने नावं काढून टाकलेला हॉस्पिटलचा डेटा घेतला, वीस डॉलरला मतदार यादी विकत घेतली आणि मॅसॅच्युसेट्सच्या गव्हर्नरचीच नोंद शोधून काढली. पिनकोड, जन्मतारीख आणि लिंग एवढं पुरलं. नाव कुठेच नव्हतं.

आता हेच हिंदमाताला लावा. मी एक पेशंट बनवतो, पूर्ण काल्पनिक: 'वय ३५, साडीच्या दुकानात सेल्समन, वडील १९८२ च्या संपात गिरणीतून घरी बसलेले, घरी जुळ्या मुली.' नाव नाही, पत्ता नाही. पण पावसात हिंदमाताला पाणी भरलं की अख्खा बाजार एकमेकांचे गठ्ठे उचलायला धावतो; तिथे जुळ्या मुलींचा बाप कोण, हे चहावाल्यालाही माहीत असतं. प्रत्येक तपशील एकटा निरुपद्रवी असतो. चार एकत्र आले की माणूस उभा राहतो.

जर्नलवाल्यांनीही हे ओळखलं. १९९५ मध्ये वैद्यकीय जर्नलच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीने सांगितलं की ओळख पटू शकत असेल तर पेशंटची संमती घ्या, त्याला लेख दाखवा आणि ओळख लपवायला माहिती खोटी करू नका. पण मनोविश्लेषणात संमतीचाही घोळ आहे. इतकी वर्षं ज्यांच्यासमोर मन मोकळं केलं, त्या डॉक्टरांना नाही कसं म्हणायचं? मग तो 'हो' खरा की भिडेपोटी? २००० मध्ये 'इंटरनॅशनल जर्नल ऑफ सायकोअ‍ॅनालिसिस'मध्ये ग्लेन गॅबर्ड यांनी लिहिलं की एकच नियम सगळ्यांना लागू होणार नाही. वेश बदलणं, संमती, अनेक पेशंट मिळून एक करणं, हे सगळे पर्याय केसगणिक तोलावे लागतात. आपल्याकडे २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यातलं कलम २३ पेशंटला गोपनीयतेचा हक्क देतं.

ताईने काय केलं? एकेक तपशील घेऊन स्वतःला विचारलं: हा काढला तर माझा मुद्दा पडतो का? पडत नसेल तर काढला, सुंदर असला तरी. उरलेला लेख तिने पेशंटला वाचायला दिला आणि उत्तर द्यायला दोन महिने दिले. त्याने एक वाक्य बदलायला सांगितलं. कोणतं, ते तिने मलाही सांगितलं नाही.

मंडळी, आपण सगळेच आता लोकांच्या गोष्टी छापतो. ग्रुपवरचा स्क्रीनशॉट, 'माझा एक मित्र आहे' म्हणून टाकलेली पोस्ट, नाव पुसून फिरवलेलं कुणाचं तरी दुःख. इडा बाउअरला कुणी विचारलं नव्हतं. आपल्याकडे विचारायला फोन आहे, नंबरही आहे. पाठवण्याआधी दोन गोष्टी बघा: त्याच्या चाळीतल्या माणसाने वाचलं तर ओळखेल का? आणि त्याने स्वतः वाचलं तर तुमच्याशी बोलेल का?

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या, दुसऱ्यांचीही.