पेट्या कोणी उचलल्या? १९३८ चं वैद्यकीय पथक आणि आमच्या घरातली खोकी

धनजच्या आमच्या घरात, मधल्या खोलीत, एका भिंतीला टेकून खोक्यांची थप्पी असते. पाहुणे विचारतात, दुकान टाकलं का? दुकान नाही. आईच्या डायलिसिसच्या पिशव्या आहेत. तिची मूत्रपिंडं निकामी झाली आहेत आणि ती पोटातून होणारं डायलिसिस घरीच करते. एक पिशवी दोन लिटरची, दिवसाला चार. म्हणजे रोज आठ लिटर आणि महिन्याला दोनशे चाळीस लिटर. एवढं पाणी आमच्या घरात उन्हाळ्यात नळाला तरी येतं का, असं बाबा गमतीनं म्हणतात.

ताई मस्कतला असते. तिला मुलगी झाली, ती आता दीड वर्षाची आहे आणि आईनं तिला फक्त फोनवर पाहिलंय. गेल्या दिवाळीत विषय निघाला की आईनं तीन आठवडे जाऊन यावं. मी विज्ञानाचा विद्यार्थी, लगेच कागद काढला. एकवीस दिवस गुणिले आठ, एकशे अडुसष्ट लिटर. नुसतं द्रावणच एकशे अडुसष्ट किलोच्या वर, पिशव्या-नळ्या-टोपणांचं वजन वेगळं. आईनं आकडा ऐकला आणि म्हणाली, "मी नाही जात बाप्पा. एवढं ओझं घेऊन कोणी परदेशात जाते काय?"

कोणी जातं का? प्रश्न तिनं वैतागून विचारला होता, पण माझ्या डोक्यात तो बसला. तुम्ही संशोधनाची तयारी करताय म्हणून सांगतो, चांगले प्रश्न बरेचदा असेच येतात, घरातून आणि थोड्या चिडचिडीतून. मी उत्तर शोधायला इतिहासात शिरलो आणि पोचलो थेट १ सप्टेंबर १९३८ ला, मुंबई बंदरावर.

त्या दिवशी 'राजपुताना' नावाच्या बोटीनं पाच भारतीय डॉक्टर चीनला निघाले. ही तीच बोट, जिच्यातून १९३१ मध्ये गांधीजी गोलमेज परिषदेला गेले होते. डॉक्टरांची नावं: मदन अटल, मोरेश्वर चोळकर, द्वारकानाथ कोटणीस, विजयकुमार बसू आणि देवेश मुखर्जी. अटल प्रमुख, स्पेनच्या यादवी युद्धात काम करून आलेले. चोळकर आपल्या नागपूरचे, वयानं सगळ्यांत मोठे. बसू आणि मुखर्जी कलकत्त्याचे. कोटणीस सोलापूरचे, मुंबईच्या जी. एस. मेडिकल कॉलेजातून शिकलेले, वय अठ्ठावीसही पूर्ण नाही. म्हणजे माझ्याएवढेच, आणि माझा प्रबंध अजून अर्धा आहे.

कोटणीसांची पुढची कथा तुम्हाला माहीत असेल. शाळेत धडा असतो, शांतारामांचा १९४६ चा सिनेमा आहे, सोलापुरात स्मारक आहे. पण मी शोधत होतो ती गोष्ट दुसरीच होती. हे लोक औषधं, शस्त्रक्रियेचं साहित्य आणि रुग्णवाहिका घेऊन निघाले होते. त्या पेट्यांचं काय झालं? कोणी पैसे दिले, कोणी उचलल्या, कुठपर्यंत पोचल्या?

पैशापासून सुरू करू, कारण कागद तिथे सापडतात. जुलै १९३७ मध्ये जपाननं चीनवर मोठं आक्रमण केलं. नोव्हेंबरात चिनी कम्युनिस्टांच्या आठव्या मार्ग सेनेचे सेनापती चू-ते यांनी नेहरूंना पत्र लिहून मदत मागितली. हे पत्र नेहरूंनीच नंतर छापलेल्या जुन्या पत्रांच्या संग्रहात आहे, ग्रंथालयात मिळतं, जरूर बघा. १९३८ मध्ये सुभाषबाबू काँग्रेसचे अध्यक्ष होते. त्यांनी ३० जूनला आवाहन केलं आणि ७ ते ९ जुलै, म्हणजे आक्रमणाच्या पहिल्या वर्षदिनाच्या सुमारास, देशभर चीनसाठी निधी गोळा झाला. बावीस हजार रुपये जमले. एका गुलाम देशातल्या लोकांनी वर्गणी काढून दुसऱ्या देशाला औषधं पाठवायची, ही गोष्ट मला अजून नीट पचत नाही. ब्रिटिश सरकारनं हे पथक पाठवलं नव्हतं. त्यामुळे मागे सरकारी गोदाम नाही, सरकारी बोट नाही, संपलं तर पुन्हा मागवायची सोय नाही. जे बरोबर आहे तेवढंच.

इथे थांबून एक सांगतो. मी पहिल्यांदा या विषयाच्या नोंदी काढल्या तेव्हा माझ्या वहीत पानंच्या पानं माणसांबद्दल होती. कोण कुठला, कोणाचं लग्न कधी, कोणी कोणाला काय म्हटलं. सामानाबद्दल चार ओळी. दोष काही अंशी साधनांचा. सिनेमाला माणूस लागतो, पेटी चालत नाही. ख्वाजा अहमद अब्बास यांच्या १९४४ च्या पुस्तकाचं नावच न परतलेल्या एका माणसाबद्दल आहे. पण दोष माझाही होता. मग मी वहीत एक वेगळा रकाना केला: सामान. तारीख, गाव, वाहन, आणि त्या दिवशी पुढचा रस्ता उघडा होता की बंद. आठवडाभरात चित्र बदललं.

बघा कसं. पथक हाँगकाँगमार्गे १७ सप्टेंबरला कँटनला पोचलं. तिथे सुन यत्-सेन यांच्या पत्नी सुंग चिंग-लिंग यांनी त्यांचं स्वागत केलं. तिथून चांग्शा, आणि २९ सप्टेंबरला हँको. आता रस्त्याचा रकाना वाचा. २१ ऑक्टोबरला कँटन जपान्यांच्या हाती पडलं आणि २५ ऑक्टोबरला हँको. ज्या दारानं हे सामान आत आलं ते दार चौतीस दिवसांत मागून बंद झालं. निधी महिनाभर उशिरा जमला असता, बोट चुकली असती, तर त्या वाटेनं रुग्णवाहिका आत जाण्याचा प्रश्नच उरला नसता. त्यानंतर चीनला माल पोचवायचे रस्ते राहिले ते फ्रेंच इंडोचायनातल्या हैफाँग बंदरातून आणि रंगूनमार्गे. बोटीनं रंगून, रेल्वेनं लाशिओ, आणि तिथून १९३८ च्या अखेरीस खुला झालेल्या डोंगरी रस्त्यानं कुनमिंग. तोही १९४० मध्ये ब्रिटिशांनी जपानच्या दबावाखाली तीन महिने बंद ठेवला आणि १९४२ मध्ये तुटला.

पथक पुढे यांगत्सेनं वर इचांग, मग चुंगकिंग असं सरकत गेलं. सैन्य मागे हटतंय, निर्वासित चाललेत, वरून बाँब, आणि यांच्याजवळ काचेच्या बाटल्या आणि हत्यारांच्या पेट्या. चुंगकिंगमध्ये शांतिनिकेतनच्या चीन भवनाचे तान युन-शान यांनी पाचही जणांना चिनी नावं दिली. प्रत्येक नावाच्या शेवटी 'हुआ', म्हणजे चीन. कोटणीस झाले 'को ति-हुआ'. जानेवारी १९३९ मध्ये ते चुंगकिंग सोडून शिआनमार्गे उत्तरेला निघाले आणि १२ फेब्रुवारीला यनानला पोचले. मुंबई सोडून साडेपाच महिने झाले होते. याच वर्षी चोळकर आणि मुखर्जी भारतात परतले. (विदर्भातल्या वाचकांना एक टोमणा मारतो. सोलापूरनं कोटणीसांना जपलं, चोळकरांचं नाव आपल्यापैकी कितीजणांनी आजच पहिल्यांदा ऐकलं?)

यनानच्या पुढे रस्ता नव्हता. डोंगर, शत्रूच्या चौक्या आणि रात्रीचा प्रवास. तिथे रुग्णवाहिका असून नसून सारखी. १९३९ च्या अखेरीस अटल, बसू आणि कोटणीस आघाडीकडे निघाले, पुढे कोटणीस वुताई डोंगरांच्या भागात, जपानी फळीच्या मागे, काम करू लागले. या भागात त्यांच्या आधी एक माणूस राहून गेला होता, कॅनडाचा सर्जन नॉर्मन बेथ्यून. तोही १९३८ मध्ये पेट्या घेऊनच आला होता आणि त्यालाही हाच प्रश्न पडला होता: पेटी डोंगरात नेता येत नाही. त्यानं खेचराच्या पाठीवर बसेल असं लाकडी खोगीर-कपाट बनवून घेतलं. वरून पुलासारखं दिसणारं, आत कप्पे. त्याला नाव दिलं 'लुकोच्याओ', म्हणजे मार्को पोलो पूल, जिथे १९३७ च्या जुलैत युद्धाची ठिणगी पडली तो. त्यात शंभर शस्त्रक्रिया, पाचशे मलमपट्ट्या आणि पाचशे औषधयोजना होतील इतकं साहित्य मावत असे. दवाखाना उतरवला, पाट टाकला, टेबल तयार. मला विचाराल तर या सगळ्या इतिहासातली ही सर्वांत सुंदर वस्तू आहे आणि तिच्यावर स्वतंत्र निबंध व्हायला हवा. कोणाला विषय हवा असेल तर घ्या.

बेथ्यून नोव्हेंबर १९३९ मध्ये बोटाच्या जखमेतून झालेल्या रक्तदोषानं गेला. जानेवारी १९४१ मध्ये त्याच्या नावाच्या आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे संचालक म्हणून कोटणीस नेमले गेले. तोवर मुंबईहून निघालेल्या सामानाला अडीच वर्षं होत आली होती. एका बाजूला जपानी वेढा, दुसऱ्या बाजूला कम्युनिस्ट भागांची क्वोमिंतांगनं केलेली नाकेबंदी. अशा ठिकाणी डॉक्टर काय करतो? पट्ट्या धुतो, उकळतो, पुन्हा वापरतो. आणि शिकवतो. कोटणीसांचा मोठा वेळ तिथल्या वैद्यकीय शाळेत चिनी भाषेतून शिकवण्यात गेला. परिचर्या शिकवणाऱ्या कुओ चिंग-लान यांच्याशी त्यांनी १९४१ च्या अखेरीस लग्न केलं, पुढच्या ऑगस्टमध्ये मुलगा झाला, आणि ९ डिसेंबर १९४२ ला अपस्माराच्या झटक्यांनी ते गेले. वय बत्तीस.

माझा रकाना इथे संपतो.

आता परत आमच्या मधल्या खोलीत या. कारण त्या खोक्यांनाही इतिहास आहे आणि तो संशोधन करणाऱ्यांनी वाचण्यासारखा आहे. १९७० च्या दशकात अमेरिकेत टेक्सासमधल्या ऑस्टिनला रॉबर्ट पोपोविच नावाचा अभियंता आणि जॅक माँक्रीफ नावाचा डॉक्टर यांनी गणित मांडलं. पोटात दोन लिटर द्रावण सोडायचं, काही तास राहू द्यायचं, काढायचं, आणि असं दिवसातून पाचदा केलं तर रक्तातलं युरिया काबूत राहील. यंत्र नको, रुग्णालयातली खाट नको. १९७६ मध्ये त्यांनी याचा सारांश कृत्रिम अवयवांवर काम करणाऱ्या अमेरिकन संस्थेकडे पाठवला. तो नाकारला गेला. तुमचा पहिला सारांश परत आला असेल तर हे लक्षात ठेवा.

पण सुरुवातीला द्रावण काचेच्या बाटल्यांत यायचं. जड, फुटणारं, आणि दर वेळी बाटली जोडताना-काढताना पोटात जंतू जाण्याची भीती. कॅनडात टोरांटोच्या दिमित्रिओस ओरिओपुलोस यांनी बाटलीऐवजी प्लास्टिकची पिशवी वापरली. द्रावण पोटात गेलं की रिकामी पिशवी तशीच जोडलेली ठेवायची, गुंडाळून कपड्याखाली खोचायची, आणि त्याच पिशवीत परत काढायचं. जोडण्या कमी झाल्या, संसर्गही कमी झाला. भारतात ही पद्धत १९९१ पासून सुरू झाली. माझी आई आज धनजमध्ये बसून, तुरीच्या शेंगा सोलता सोलता, जे करते त्यामागे एवढं आहे.

आणि गंमत म्हणजे बाटली गेली, पिशवी आली, तरी पाणी तेवढंच राहिलं. ते आटवता येत नाही. बेथ्यूनला पेटीचं खेचरावरचं कपाट करता आलं, मला एकशे अडुसष्ट लिटरचं काही करता येईना. एका पुरवठादारानं फोनवर "तुमचं तुम्ही बघा" असं सांगून आमचे दोन महिने खाल्ले.

मग रात्री ती वही चाळताना लक्षात आलं की मी चुकीची बेरीज करतोय. पाच डॉक्टरांना सगळं बरोबर न्यावं लागलं, कारण तिकडे त्यांच्यासाठी काही ठेवणारं कोणी नव्हतं. आईला तसं नाही. मी दुसऱ्या दिवशी अमरावतीला आमच्या डॉक्टरांना विचारलं. त्या म्हणाल्या, द्रावण बनवणाऱ्या कंपन्या पुष्कळ देशांत माल पोचवतात, काही आठवडे आधी पत्ता आणि चिठ्ठी द्यावी लागते. तुम्ही आधी का नाही विचारलं? खरंच, का नाही विचारलं? कारण मी इतिहास वाचत बसलो होतो.

ताईनं तिकडच्या रुग्णालयात जाऊन चौकशी केली. खोकी तिच्या घरी पोचतील. प्रवासाच्या दिवसाच्या आणि उशीर झाला तर लागतील त्या पिशव्या आपल्याबरोबर, थोडी टोपणं आणि चिमटे हातातल्या बॅगेत. डॉक्टरांचं पत्र इंग्रजीत, त्यात आजाराचं नाव, द्रावणाचं नाव आणि रोज किती लागतं ते. शंभर मिलिलिटरचा नियम औषधी द्रवांना तसाच लागू होत नाही, पण हे पत्र दाखवावं लागतं. विमान कंपनीला आधी कळवलं तर वैद्यकीय सामानाचं जादा वजन बऱ्याच कंपन्या मान्य करतात. आम्ही ते लेखी मागितलंय, तोंडी नाही.

आईनं परवा स्वतः मोजून आठ पिशव्या बाजूला काढल्या. मी म्हटलं, प्रवासाला दोन पुरतील, उशीर धरला तरी चार. ती म्हणाली, "तुह्या त्या डॉक्टरायले कमी पडलं होतं ना? मग आठ राहू दे." आणि खोक्यावर खडूनं तिकडच्या नातीचं नाव लिहिलं.